टेबलावर पेला ठेवू नये

गोत्री, बडोदे
२० मे १९८६

ती. वन्सं यांना शैलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा पाय आता जमिनीला टेकतो हे वाचून बरं वाटलं. जानेवारीपासून प्लास्टर, मग काठी, मग पुन्हा प्लास्टर, पुरे झालं ते. आता शाळेतल्या पोरींसारखं जिने उतरायला जाऊ नका.

इथे उन्हाने जीव नकोसा केला आहे आणि त्यात लग्नसराई. आमच्या सोसायटीचा हॉल तुम्ही पाहिलेला नाही. दांडिया बाजारची जागा सोडून आम्ही इतक्या लांब गोत्रीला आलो ते खरं म्हणजे त्या हॉलसाठी. इथे ह्यांचं टेबल टेनिसचं टेबल मावलं. सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेलं, हिरवा रंग आणि पांढऱ्या रेघा ह्यांच्या स्वतःच्या हाताच्या. हॉलच्या दारावर ह्यांच्याच अक्षरातली पाटी आहे, ‘टेबलावर पेला ठेवू नये’, आणि खाली तेच गुजरातीत. प्लायवूडला ओल लागली की ते फुगतं आणि त्या जागी चेंडू उसळत नाही. कोणाला काही प्यायचं असेल तर बाहेर ओट्यावर. तुमच्या भावाने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला तो एकदाच, मी चहाची कपबशी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली तेव्हा.

ह्यांच्या मागे ती पाटी कोणी वाचत नाही. आमचे सेक्रेटरी रसिकभाई, त्यांच्या मुलीचं लग्न परवा झालं. मी हॉलमध्ये डोकावले तर टेबलावर लिंबू शरबताचं पिंप, छाशीचं, म्हणजे ताकाचं, पातेलं आणि पेल्यांची ही गर्दी. रसिकभाईंच्या बायकोला, हंसाबेनला, बोलले तर म्हणते, “एमां शुं थई गयुं, शैलाबेन? शरबत ज छे ने.” म्हणजे, त्यात काय झालं, शरबतच तर आहे. मी म्हटलं, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या साडीवर सांडलं असतं तर असंच म्हणाला असतात का? त्यावर रसिकभाई चार माणसांत बोलून गेले की खेळणारा गेला, आता टेबल कशाला? एकदा फुगलं की भंगारात काढू, हॉल मोकळा होईल.

म्हणजे कोणाचा तरी पेला सांडायचाच काय तो अवकाश. मी ठरवलं आहे, माझ्या डोळ्यांदेखत त्या टेबलावर थेंब पडू द्यायचा नाही. हॉलची किल्ली पहिल्यापासून आमच्याकडे असते, ती यापुढे मी कोणाला देणार नाही.

एक चांगली गोष्ट सांगते. लग्नाचे पाहुणे पांगल्यावर हंसाबेनने कुलूप घातलं, किल्ली मला आणून दिली आणि जाता जाता म्हणाली, पेले टेबलावरच आहेत, उद्या उचलू. माझं डोकं उन्हाने इतकं चढलं होतं की मला उठवेना. पडल्या पडल्या ते डाग डोळ्यांपुढे येत होते. सकाळी जाऊन बघते तर सगळे पेले बाहेर ओट्यावर, एका ओळीत मांडलेले, आणि टेबल कोरडं. चला, माझ्या बोलण्याचा काहीतरी परिणाम झाला. हंसाबेनला शाबासकी दिली तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

तुमची,
शैला


मिरज
२९ मे १९८६

चि. शैला हिस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सवयीने चि. सौ. लिहिलं आणि मग खोडलं. खोडलेलं तुला दिसलं असेल. मन घट्ट कर, मीही तेच करते आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी बत्तीस वर्षं मुली शिकवल्या, त्यामुळे कोण खोटं बोलतंय ते मला लगेच कळतं आणि कोण स्वतःची समजूत घालतंय तेही कळतं. कुलूप घातलेल्या हॉलमधून पेले आपल्या पायांनी बाहेर येत नाहीत. दुसरी किल्ली कोणाकडे तरी आहे. आज ज्याच्याकडे किल्ली आहे तो उद्या हॉलमध्ये पातेली ठेवील. आधी कुलूप बदल. टेबलावर जाड मेणकापड घाल आणि ते खाली लोंबेल इतकं मोठं घे, म्हणजे सांडलेलं कडेवरून आत जाणार नाही.

गोविंदाचं हे वेड नवीन नाही. आई गेली तेव्हा तो कडेवर होता आणि मी परकर नेसत होते. त्याला मी वाढवला म्हण किंवा आम्ही दोघं एकत्र वाढलो म्हण. पाटीवर पाणी सांडलं तर दिवसभर रुसून बसायचा. पाय मोडायला मला नेमका तोच आठवडा सापडला. त्याचं तोंड मी पाहिलं नाही, म्हणून तो गेला हे मला अजून पटत नाही. पत्र आलं की वाटतं खाली त्याची सही असेल.

एक विचारायचं राहून गेलं होतं. दहा दिवस दिवा आणि पाणी, जिथे त्याचा प्राण गेला तिथेच ठेवलं होतं ना? जनार्दन गुरुजी होते म्हणून मी निर्धास्त होते. तरी तुझ्याकडून कळलं म्हणजे बरं.

तुझी,
नलिनीवन्सं


गोत्री, बडोदे
१८ जून १९८६

ती. वन्सं यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं म्हणणं ऐकलं. दांडिया बाजारात जाऊन नवं कुलूप आणलं. दुकानदाराने दोन किल्ल्या दिल्या, त्यातली एक मी त्याच्यादेखत वाकडी करून टाकली. त्याला वाटलं असेल, बाईंचं डोकं फिरलं. दुसरी माझ्या गळ्यातल्या साखळीत आहे. मेणकापडही घातलं, जमिनीपर्यंत लोंबणारं.

मग सोसायटीची मीटिंग झाली. मीटिंग कशाची, छाश पिण्याची. मी हॉलभर फिरत होते, कोणी पेला टेकवला की उचलत होते. रसिकभाई म्हणाले, “शैलाबेन, तमे बेसो तो खरां.” मी बसले, आणि बसल्याचं फळ म्हणून मीटिंग संपल्यावर ह्यांच्या बाजूच्या कोपऱ्यात पेले राहिले. ते मी मुद्दाम उचलले नाहीत. सगळे गेल्यावर मीच कुलूप घातलं, मीच ओढून बघितलं. जेवून परत आले तर कुलूप जसंच्या तसं आणि पेले ओट्यावर, एका ओळीत.

म्हणजे माझ्या बोलण्याचा कोणावर काही परिणाम झालेला नाही, हे तुम्हाला कळवते.

तुम्ही पाण्याचं विचारलंत. ते सांगायचं तर त्या दिवसाचं सगळंच सांगायला हवं. आजवर मी तुम्हाला ‘खेळताना गेले’ एवढंच लिहिलं.

आम्ही रोजच्यासारखे खेळत होतो. गेम ड्यूसला, म्हणजे दोघांच्या सारख्या गुणांवर, आला होता आणि ह्यांची सर्व्हिस होती. ह्यांनी चेंडू टेबलावर ठेवला, हात त्याच्यावर तसाच ठेवला आणि गाल टेबलाला टेकवला. तुम्हाला माहीत नसेल, टेबलावर ओल आहे का ते हे असंच बघत असत, गाल टेकवून, एक डोळा मिटून, खिडकीच्या उजेडात. मी म्हटलं, “सापडला का थेंब? का हरायची वेळ आली म्हणून टाइमपास चाललाय?” मग मी बॅटवर बोटं वाजवत उभी राहिले. हे माणसाला चिडवायला काहीही करतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मीही हटायचं नाही असं ठरवलं. शेवटी ह्यांच्या हाताखालून चेंडू सुटला आणि घरंगळत जमिनीवर पडला, तेव्हा मी पलीकडे गेले.

जनार्दन गुरुजी म्हणाले, दिवा आणि पाणी त्याच जागी ठेवा. ती जागा म्हणजे टेबल. मी नाही म्हटलं. दहा दिवस पाण्याने भरलेला पेला त्या टेबलावर? ह्यांनी जे कोणाला करू दिलं नाही ते मी ह्यांच्या नावाने करायचं? दिवा आणि पाणी मी घरी, ह्यांच्या खुर्चीपाशी ठेवलं. गुरुजी म्हणाले, “बाई, जीव जिथून निघतो तिथेच येऊन पाणी शोधतो.” मी म्हटलं, शोधू देत, ह्यांना घर ठाऊक आहे. मला त्यात आजही काही चुकलं असं वाटत नाही.

शैला


मिरज
२७ जून १९८६

चि. शैला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी देवापुढे जाऊन बसले. राग आला तो तुझ्यावर की गुरुजींवर की त्या टेबलावर, कळेना.

त्याने पेले बाहेर नेऊन ठेवले हे तुझ्या ध्यानात आलेलं आहे. तू ते लिहीत नाहीस इतकंच. मी लिहिते. मी आयुष्यभर अंगात येणाऱ्या बायकांना उठवून बसवलं आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण हा परका कोणी नाही. हा माझा गोविंदा आहे, आणि तो तहानलेला आहे. लहानपणी रात्री पाणी हवं असलं तरी मागायचा नाही, अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहायचा. मला आपोआप कळायचं.

नियम जिवंत माणसांसाठी असतात. उद्या आंघोळ करून पेला भरून घे, जिथे त्याने गाल टेकवला तिथे ठेव आणि काही न बोलता बाहेर ये. टेबल फुगलं तर फुगू दे. पाणी मिळालं की तो सुटेल. त्याची वाट तू अडवून धरली आहेस, शैला. जाणूनबुजून नसेल, पण धरली आहेस.

काय झालं ते उलट टपाली कळव.

नलिनीवन्सं


गोत्री, बडोदे
१२ जुलै १९८६

ती. वन्सं यांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. अगदी तसंच म्हणता येणार नाही, कारण पेल्याखाली बशी ठेवली, बशीखाली घडी केलेला टॉवेल ठेवला आणि त्याखाली मेणकापड होतंच. पण पेला गच्च भरलेला होता आणि जागा तीच होती. कुलूप लावून घरी आले. दुपारी जेवण झाल्यावर गेले.

पेला ओट्यावर होता. काठोकाठ भरलेला. मी वाकून बघितलं, टेबलापासून दारापर्यंत फरशीवर एक थेंब सांडलेला नव्हता. भरलेला पेला इतका सांभाळून मला स्वतःलाही नेता आला नसता. टॉवेल आणि बशी जागच्या जागी होती.

म्हणजे ह्यांना पाणी नको आहे. आता तुमच्यापासून लपवत नाही. होळीनंतर ऊन वाढलं तेव्हापासून मला आवाज येतो. दुपारी सोसायटी झोपते, रस्त्यावर रिक्षासुद्धा नसते, तेव्हा मी निवडायचं ताट घेऊन हॉलच्या ओट्यावर बसते. आधी पाय आपटल्याचा आवाज येतो, हे सर्व्हिस करताना आपटायचे तसा. मग चेंडू वाजतो, एकदा ह्यांच्या बाजूला आणि एकदा माझ्या बाजूला. मग काही नाही. थोडं थांबून पुन्हा पाय, पुन्हा चेंडू. कुलूप उघडलं की सगळं थांबतं. आत चेंडू नाही, बॅट नाही, त्या मी घरी कपाटात ठेवल्या आहेत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरले असेन असं तुम्हाला वाटेल. वन्सं, मला इतका आनंद झाला की माझ्या हातातून डाळ सांडली. घरात ह्यांच्या कपड्यांचा वास गेला, चष्म्याला धूळ बसली, पण इथे हे होते. लोकांना वाटतं ही बाई टेबलासाठी भांडते. मला टेबलाचं काय करायचंय? टेबल फुगलं तर रसिकभाई ते भंगारात देतील, मग हे कुठे खेळतील? सोसायटीतला कोणीही पेला घेऊन दारातून आत आला की मला वाटतं तो मला पुन्हा विधवा करायला आला आहे.

तुम्ही म्हणता पाणी मिळालं की सुटतील. मग ते मला द्यायचंच नाही. भरलेला पेला ओट्यावर बघून मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. ते पाणी मी तुळशीला घातलं आणि आता पुन्हा ठेवणार नाही. तुम्ही मोठ्या आहात, रागवा, पण याबाबतीत माझं ठरलं आहे.

शैला


मिरज
२० जुलै १९८६

चि. शैला,

पत्रात भांडत बसायला मला वेळ नाही. मी येते. शेजारचा माधव मुंबईपर्यंत सोडेल, तिथून बडोद्याच्या गाडीत बसवून देईल. काठी घेऊन येते. त्याला मी पाणी पाजीन, माझ्या हातचं तो टाकणार नाही. स्टेशनवर रिक्षाशी घासाघीस करू नकोस, पायामुळे मला फार वेळ उभं राहवत नाही.

नलिनीवन्सं


मिरज
१० सप्टेंबर १९८६

चि. शैला हिस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. श्रावण तुझ्याकडे गेला तो कसा गेला हे मला कळलं नाही. तू केलेल्या नारळीभाताचं नावही मी काढलं नाही, याचं तुला नवल वाटलं असेल. निघताना मी तुझ्याशी नीट बोलले नाही. गाडीत बसल्यापासून काय लिहायचं ते ठरवत होते.

तुझ्याकडे आले तेव्हा मी पेला घेऊन सरळ आत जाणार होते. तू किल्ली दिलीस, अडवलं नाहीस. पाय दुखत होता म्हणून जरा ओट्यावर टेकले, आणि आतून पाय आपटल्याचा आवाज आला. तुला तो सर्व्हिसचा वाटतो. त्याची सवय त्याहून जुनी आहे. पाढे म्हणायला उभा राहिला तरी आधी असाच एक पाय आपटायचा. मी हातातला पेला बाजूला ठेवला. त्यातलं पाणी संध्याकाळी मीच प्यायले.

त्यानंतर रोज दुपारी तुला म्हणत होते, जा, जरा आडवी हो, मी बसते इथे. तुला वाटलं असेल नणंदेला भावजयीची दया आली. मला एकटीला ऐकायचं होतं. एक दिवस तू लवकर परत आलीस तर मला तुझा राग आला, आणि मी तुला मुद्दाम बाजारात पाठवलं. कोथिंबीर घरात होती.

तो गेला हे मला सहा महिने पटत नव्हतं. आता तर मी त्याला ऐकला आहे. मी तुला लिहिलं होतं, पाणी दे, त्याला सोड. ते लिहिणारी बाई मिरजेला बसून दुसऱ्याच्या घरातला धर्म सांगत होती. पाणी देऊ नकोस. पक्ष येतो आहे, कोणीतरी सांगेल हे कर आणि ते कर. पहिल्या वर्षी पक्ष करत नाहीत, तेव्हा शास्त्राचीही अडचण नाही. रसिकभाई नवरात्रात हॉल सगळ्यांना उघडून द्या म्हणतात, तर त्यांच्याशी काय भांडायचं ते भांड, हवं तर माझं नाव सांग.

निदान भाऊबीजेपर्यंत थांब. मी येईन. हॉलच्या दाराबाहेरून त्याला ओवाळीन. एवढं एकदा करू दे मला, मग पुढचं पुढे बघू. तुझ्यापेक्षा मी वयाने मोठी आहे म्हणून सांगत नाही. तुझ्याकडे मागते आहे.

तुझी,
नलिनीवन्सं


गोत्री, बडोदे
६ ऑक्टोबर १९८६

ती. वन्सं यांना शैलाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर तुम्ही पुढच्या गाडीने आला असतात आणि मला अडवलं असतंत. तुमच्यासमोर माझा धीर झाला नसता. सर्वपित्रीला मी ह्यांना पाणी दिलं.

तुम्ही गेल्यानंतर पक्ष लागला आणि आवाज बदलला. पाय आपटणं थांबलं. चेंडू एकदाच वाजायचा, ह्यांच्या बाजूला, माझ्या बाजूला पोचायचा नाही. मग बराच वेळ शांत, आणि त्या शांततेत घसा वाजायचा. कोरडा आवंढा गिळताना वाजतो तसा. उन्हाळ्यात वीज जायची, पंखा बंद असायचा, तरी आम्ही खेळत राहायचो, तेव्हा ह्यांचा घसा असाच वाजायचा. मी म्हणायची, “अहो, घोटभर पाणी प्या.” हे म्हणायचे, “गेम होऊ दे.” गेम संपल्याशिवाय ह्यांनी कधी पाणी प्यायलं नाही. माझी तक्रार असायची की ही खेळायची रीत आहे की उपास?

ओट्यावर बसल्या बसल्या ते मला आठवलं. ह्यांनी पाणी नाकारलं नव्हतं. गेमनंतर प्यायचं म्हणून सांडू न देता बाजूला ठेवलं होतं. गेम ड्यूसला होता, तो संपलाच नव्हता. हे सर्व्हिस करत होते आणि माझ्याकडून चेंडू परत येण्याची वाट बघत होते. आणि मी काय करत होते? बाहेर बसून आवाज ऐकत होते आणि सुखावत होते. नंतर तुम्ही येऊन माझ्याशेजारी बसलात. वन्सं, दोन बायका ओट्यावर, दोघींचाही त्यांच्यावर जीव, आणि आत माणसाच्या घशाला कोरड. तुमच्यावर मला राग नाही. कोथिंबिरीचं मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

सर्वपित्रीला मी बॅट घेऊन गेले. मेणकापड काढलं, टेबल पुसलं, माझ्या बाजूला उभी राहिले. समोर काही दिसलं नाही. किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. ह्यांच्याशी खेळताना मी पुष्कळदा हरले, पण ते कधी तोंडाने कबूल केलं नाही. बॅट खराब, उजेड डोळ्यांवर येतो, तुम्ही सर्व्हिस लपवता, काहीतरी असायचंच. हे हसायचे आणि म्हणायचे, एकदा तरी म्हण. तर मी मोठ्याने म्हटलं, “मी हरले. गेम संपला.” मग नेट सोडवून गुंडाळून ठेवलं आणि ह्यांनी गाल टेकवला होता त्या जागी पाण्याने भरलेला पेला ठेवला. बशी नाही, टॉवेल नाही, नुसता हिरव्या लाकडावर.

मी घरी गेले आणि स्वयंपाक केला. जेवले मात्र नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा ओट्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. ओटा रिकामा होता. पेला मी ठेवला तिथेच होता आणि त्यात पाणी नव्हतं. उचलला तर खाली हिरव्या रंगात पांढरं कडं उमटलेलं, ओलं. त्या टेबलावरचा पहिला डाग. माझ्या खांद्यावर फडकं होतं, सवयीने घेतलेलं. मी पुसलं नाही. ह्यांनी पेला टेबलावर राहू दिला, वन्सं. ज्या माणसाला आता टेबलाची काळजी उरली नाही तो इथे कशाला थांबेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. समोरच्या कडुनिंबावर होले घुमत होते, कोणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली. हॉलमधून काही नाही. तुम्हाला फसवलं असं तुम्हाला वाटेल, आणि ते तुम्ही म्हणालात तर मी ऐकून घेईन. पण तो घसा तुम्ही ऐकला असतात तर तुम्ही माझ्याआधी धावला असतात, हे मला ठाऊक आहे.

किल्ली मी रसिकभाईंना नेऊन दिली. ते घाबरून उभे राहिले, त्यांना वाटलं मी भांडायला आले. काल गरब्याच्या मध्यंतरात हंसाबेन छाशीचं पातेलं घेऊन हॉलमध्ये आली. मला बघून थबकली आणि ओढणीच्या टोकाने पातेल्याचा तळ पुसायला लागली. मी म्हटलं, “राहू दे बेन, ठेव तिथे.” तिने ठेवलं. मीच पेले भरून दिले. थोडी छाश सांडली. मला रडू आलं तेव्हा तिला वाटलं छाशीमुळेच, आणि ती बिचारी ओढणीने टेबल पुसत राहिली.

घरी आल्यावर ह्यांच्या खुर्चीत बसले. आजवर त्या खुर्चीत मी बसले नव्हते. नऊ महिने मी रडले नव्हते, कारण मला वाटत होतं माझं काही गेलेलंच नाही. आता गेलं आहे. घर फार मोठं वाटतं आणि दुपार सरत नाही.

भाऊबीजेला तुम्ही यायचं ठरवलं होतं ते मोडू नका. इथे आता ऐकायला काही नाही. तरी या.

तुमची,
शैला